डावीकडे चौदा जास्त

दोन वर्षं अर्ज करकरून संशोधक बाईंना कणांच्या झोतावर काम करायला चार दिवस मिळाले होते. सोमवार ते गुरुवार. शुक्रवारी सकाळी झोत दुसऱ्या गटाकडे. आणि मंगळवारची दुपार झाली तरी त्या नुसतं मोजतच बसल्या होत्या.

मोजायचं तसं साधंच. मधे पोलादी चेंबर, नळकांड्यासारखं. त्यातली हवा पंपाने काढून टाकायची. आत मधोमध तपासणीची किरणोत्सारी चकती आणि बाहेर डाव्या-उजव्या अंगाला, चेंबरच्या भिंतीला जवळजवळ खेटून, एकेक डिटेक्टर. दोन्ही चकतीपासून बरोब्बर तीस मिलिमीटरवर असले की दोघांचे आकडे सारखे यायला हवेत, मगच झोत सोडायचा. ते येत नव्हते. उजवीकडे शंभर, तर डावीकडे एकशे चौदा. डिटेक्टरांची अदलाबदल केली, तरी ते चौदा डावीकडेच ठाण मांडून. झाकण उघडून मोजावं तर दोन्हीकडे तीस. झाकण लावून हवा काढली की पुन्हा चौदा. नवऱ्याने फोनवर काळजीनेच विचारलं, "अजून चौदाच का गं?" तर बाईंनी फोनच ठेवून दिला.

राग काढायला कुणीतरी लागतं. ते समोरच होते. डिटेक्टर बसवणारा फिटर, लेझरच्या जमान्यातही खिशात ओळंबा ठेवणारा, म्हणून सगळे त्याला ओळंबेकाका म्हणत.

"मॅडम, पंप चालू असताना एकदा मोजू द्या," काका तिसऱ्यांदा म्हणाले.

"काका, पाटी वाचता येते ना?" बाईंनी भिंतीकडे बोट केलं. पंप चालू असताना टेबलाला हात लावू नये. पाटी त्यांनीच लावलेली होती. "आणि चकती दिसते झाकण उघडल्यावर. बंद चेंबरचं काय मोजणार तुम्ही?"

"काय मोजायचं ते मोजल्यावर कळेल ना."

असली उत्तरं बाईंच्या डोक्यात जात. त्या तरातरा कचेरीत गेल्या आणि वाया गेलेल्या वेळेचा फॉर्म भरला. त्याचा नियम साधा होता. वेळ वर्कशॉपच्या चुकीने गेला, तर तेवढे दिवस पुन्हा मिळतात. आपल्याच चुकीने गेला, तर गेला. कारणाच्या रकान्यात बाईंनी लिहिलं : फिटरचा हलगर्जीपणा. सही अशी ठोकली की कागद फाटता फाटता राहिला. वर दुसरा फिटर मागितला.

बुधवारी नवा फिटर आला. तोंडातून अवाक्षर नाही, हातकाम मात्र बारीक. झाकण उघडं असताना त्याने तीस-तीस लावले, खात्रीसाठी चेंबर आणि डिटेक्टरमधल्या दोन्ही फटींत सारख्या जाडीचे पुठ्ठ्याचे तुकडे अलगद सरकवून पाहिले, आणि ते काढायला विसरला. झाकण लागलं, पंप सुरू झाला. थोड्या वेळाने उजवीकडचा पुठ्ठा टपकन खाली पडला.

"कचरा कसला टाकता हो टेबलाखाली?" बाई ओरडल्या आणि तो उचलायला वाकल्या. वाकल्यावर त्यांची नजर उजव्या फटीवर गेली. मघाशी तिथे पुठ्ठा टेकून उभा होता, आता बोट जाईल की काय असं वाटत होतं. पाटीला न जुमानता त्यांनी डावीकडचा पुठ्ठा ओढला. तो हलेना. चेंबर आणि डिटेक्टरच्या मधे घट्ट चिमटला होता.

पंपाची लवचीक नळी डाव्या अंगाला जोडलेली होती. आतली हवा गेली की ती आक्रसायची आणि अख्खं चेंबर स्वतःकडे ओढून घ्यायची. फार नाही, एक मिलिमीटर. एकीकडे एकोणतीस, दुसरीकडे एकतीस. झाकण उघडायला आत हवा सोडली की चेंबर निमूटपणे जागेवर. म्हणजे तीन दिवस त्या मोजत होत्या ते खरं होतं, फक्त नको त्या वेळचं होतं. आणि हव्या त्या वेळी मोजू म्हणणाऱ्या माणसाला त्यांनी हाकलून दिलं होतं.

दोन्ही डिटेक्टर एकेक मिलिमीटर डावीकडे सरकवले. शंभर आणि शंभर. बाईंना आनंद व्हायला हवा होता, पण स्वतःचीच इतकी चीड आली की आकड्याकडे बघवेना.

कचेरीतल्या कारकुनाने त्यांना बघताच हसून त्यांचाच फॉर्म पुढे केला. "मॅडम, अभिनंदन. आजचा धरून तुमचे तीन दिवस मंजूर. पुढच्या महिन्यात."

तीन दिवस! बाईंनी कागद हातात घेतला. त्यांना ते दिवस हवे होते, अगदी मनापासून हवे होते. उरलेल्या एका दिवसात अर्धंही काम होणार नव्हतं आणि पुढचा अर्ज म्हणजे आणखी दोन वर्षं.

"आणि काकांचं?" त्यांनी विचारलं.

"ते कारण लागलं ना त्यांच्या फायलीला. एकतीस वर्षांत पहिलंच."

बाईंनी पेन मागितलं आणि हलगर्जीपणावर आडवी रेघ ओढून खाली लिहिलं : फिटर योग्य वेळी मोजायला सांगत होते. मी मोजू दिलं नाही.

कारकुनाने ते दोनदा वाचलं. "अहो, असं लिहिलंत तर दिवस जातील."

"जाऊ देत."

"मग काकांना मी कळवतो तसं. तुम्ही कामाला लागा, एकच दिवस उरलाय."

"नको," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चिरकला आणि त्याचाही त्यांना राग आला. "ते कुठे बसतात, तेवढं सांगा. दोन दिवस शेजारी काम केलं, मला तेसुद्धा माहीत नाही."