पहिली करंडी

छावणीतल्या आमच्या बंगल्यात कोण कोण साहेब राहून गेले, ते दाराजवळच्या फळीवर रंगवलंय. आधी इंग्रज कप्तान, मग निजामाचे तालुकदार, पोलीस ॲक्शननंतर आपले मराठी. मी सांडू, इथला माळी. अंगणातला आंबा कप्तानानं लावला. पहिला पाड लागला अन् त्याची बदली झाली. माझ्या बापानं पहिली करंडी त्याच्यामागं सिकंदराबादला धाडली. तवापासून रिवाजच हाय: पहिली करंडी बदलून गेलेल्या साहेबाची.

नवे पाथ्रीकरसाहेब लई भडकले. “बंगल्यात राहतो मी, अन् आंबे त्यांना?”

“व्हय, त्यांनाच!” मी बी ठणकावलं अन् करंडी एसटीनं बीडला, आधीच्या साहेबाला धाडली. साहेब आठ दिवस माझ्याशी बोलले नायत.

पुढच्या मे महिन्यात त्यांचीच नांदेडला बदली झाली. झाड कैऱ्यांनी लगडलेलं. त्यांची जीप फाटकाशी थांबली. साहेबांनी मान खाली घालून माझ्या हातात चिठ्ठी ठेवली. नांदेडचा पत्ता होता.

मला हसू आवरंना. “आता तुमचं नाव फळीवर चढतंय, साहेब. आता आंबा तुमचा!”