सोबत कोण

पेन्सिलीच्या मागच्या टोकावर दातांच्या खुणा होत्या – चार, नाही, पाच... लेकीच्या. विचार करताना पेन्सिल चावायची तिची खोड. बारा वर्षं ही नोंदवहीच्या तारेत अडकून होती आणि आज पेनाची शाई नेमकी संपली म्हणून मास्तरांच्या हाताला लागली.

ओहोटीने नदीचे सगळे फाटे समुद्राकडे रिकामे होत होते. होडी चिखलाला टेकली होती आणि नावाडी पाठमोरा बसून डब्याने आतलं पाणी उपसत होता. मास्तरांनी दुर्बीण डोळ्यांना लावली – निव्वळ सवयीने, कारण सहा महिन्यांपूर्वी लेक गेली तेव्हापासून पक्षी पाहावेसे वाटलेच नव्हते – तर तुतवार पक्ष्यांच्या थव्यात एक चिमणीएवढा, जरा वेगळाच, मान हलवत चिखल चाळत होता. चोचीचं टोक पसरट. चिखल लागला असेल... हेच, अगदी हेच शब्द.

बारा वर्षांपूर्वी एकोणीस वर्षांची लेक धावत आली होती, गुडघ्यापर्यंत माखलेली, चमच्यासारख्या चोचीचा तुतवार पाहिला म्हणत, इथल्या वहीत आजवर कोणीच न नोंदलेला, आणि मास्तरांनी – नोंदी तपासणारे मास्तर, ज्यांना पक्षीवाली मंडळी माघारी खोडरबर म्हणायची – सगळ्यांदेखत विचारलं होतं, "सोबत कोण होतं?" कोणी नव्हतं. "मग चोचीला चिखल लागला असेल." आणि तिच्या ओळीवर लाल रेघ. घरचं माणूस म्हणून सूट दिली नाही, याचा तेव्हा केवढा अभिमान! तिने गळ्यातली दुर्बीण काढून दिली आणि पुन्हा कधी इथे आली नाही.

हॉस्पिटलात, शेवटच्या आठवड्यात, तिने विचारलं, "बाबा, तो नंतर कोणाला दिसला का?" आणि मास्तरांनी खरं तेच सांगितलं – नाही. खोटं बोलले असते तर त्यांचं काय जाणार होतं? जन्मभर खऱ्याची कास धरली, आणि मरणाऱ्या पोरीच्या हातात काय ठेवलं, तर तीच रेघ.

पक्ष्याने चोच पाण्यात बुडवली, वर काढली. स्वच्छ. चमच्यासारखी. मग सगळा थवा उडाला.

"दिसलं का काही, मास्तर?" नावाड्याने वळून विचारलं.

"तू पाहिलास?"

"मी कुठला बघतोय? पाणी काढत होतो की."

मास्तरांनी तारीख लिहिली, वेळ लिहिली, पक्ष्याचं नाव लिहिलं. 'सोबत कोण' या रकान्याशी पेन्सिल थांबली. उद्या कोणी म्हणेल, चिखल असेल – म्हणू दे, त्याचं काही वाटत नव्हतं. पण हे ऐकून 'हो बाबा, तोच' म्हणणारं जगात एकच माणूस होतं... काय लिहावं? विचारात पेन्सिल तोंडाकडे गेली, आणि दात टेकायच्या आत त्यांनी ती घाईघाईने बाजूला केली. तिच्या खुणा बिघडल्या असत्या.