पातं अडखळलं तेव्हा

“सर, केराबाईंचा रिपोर्ट आज नका पाठवू.”

डॉ. बिराजदारांनी मायक्रोस्कोपवरून मान वर केली. साबेरा सोलापुरातल्या त्यांच्या लॅबमध्ये बावीस वर्षं काम करत होती. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठींचे तुकडे मेणात बसवायचे, मशीनच्या पात्यानं त्यांचे पापुद्रे काढायचे, रंगवून काचेवर द्यायचे. निदान करायचं काम डॉक्टरांचं. त्याबद्दल ती आजवर चकार शब्द बोलली नव्हती.

“का? साधी गाठ आहे स्तनातली. स्वतःच्या वेष्टनात गुंडाळलेली. अशी गाठ मोठी झाली तरी पसरत नाही.”

“गाठ साधीच असेल, सर. पण तिच्या शेजारच्या तुकड्यात पातं अडखळलं. वाळूचा कण लागावा तसं. आणखी खोल कापून बघू का?”

डॉक्टरांनी हातातला रिपोर्ट बाजूला ठेवला. मग म्हणाले, “बघा.”

बाहेर केराबाईंचा मुलगा जोतिराम मंद्रूपहून येऊन सकाळपासून बसला होता.

“आज देतो म्हनला होता की,” तो कुरकुरला.

“उद्या या, दादा. मेहरबानी करा,” साबेरा म्हणाली.

त्याचा चेहरा पडला. काहीच निघालं नाही तर आपण एका घराला उगाच घोर लावला, या विचारानं साबेराला डबाही खाववला नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी नव्या काचा पुन्हा पुन्हा बघितल्या. मग त्यांनी तिला बोलावून दाखवलं. दुधाच्या एका बारीक नळीत मोठ्या, वेड्यावाकड्या पेशी दाटल्या होत्या. मधोमध चुन्याचा कण.

“या पेशी कॅन्सरच्या झाल्यात. पण नळीची भिंत अजून फोडलेली नाही. ती फोडली की मग काखेत, रक्तात, कुठंही जातात. बाई वाचतील.” मायक्रोस्कोपवरून काच काढत ते म्हणाले, “बरं झालं बोललात.”

पुन्हा एक ऑपरेशन झालं, रेडिएशनचे शेक दिले गेले. दोन वर्षं गेली.

एका दुपारी डॉक्टर हिरवं लुगडं नेसलेल्या एका बाईंना घेऊन आतल्या खोलीत आले. तिथं पेशंट कधी येत नसे. साबेराला माणसं माहीत होती ती नमुन्यांच्या डब्यांवरच्या चिठ्ठ्यांतून.

“या केराबाई,” डॉक्टर म्हणाले आणि बाहेर गेले.

“तुमीच व्हय त्या?” केराबाईंनी विचारलं.

“मी फक्त कापते, मावशी. ओळखलं सरांनी. त्यांनी माझं ऐकलं, हे माझं नशीब.”

“सायेबांनी सांगितलंय मला समदं.” केराबाईंनी तिचे औषधांनी कोरडे पडलेले हात हातात घेतले. “माझी थोरली भन ह्याच्यानंच गेली. तिच्या येळंला कुनी थांबा म्हनलं न्हाय. जोतिरामला त्या दिवशी तुमचा लई राग आला हुता. आता तुमचं नाव काढतोय.”



“तुमचं काम चालू द्या,” केराबाई म्हणाल्या. “मी बसते जरा हितं.”

खोलीत एकच स्टूल होतं. ते साबेरानं त्यांच्याकडं सरकवलं आणि त्या दिवसाचे उरलेले सगळे पापुद्रे उभ्यानं काढले.