नियमात बसलेली पोस्ट

ऑफिसात तिला सगळे कात्रीबाई म्हणत. कामच तसं होतं. दिवसभर पडद्यासमोर बसायचं, लोकांनी इंटरनेटवर काय काय ओकून ठेवलंय ते वाचायचं आणि नियमात न बसणारं उडवायचं. शिवी आली, उडव. धमकी आली, उडव. लिहिणाऱ्याचं नाव दिसत नसे, आणि या कामाबद्दल बाहेर चकार शब्द काढायचा नाही, असं कंपनीने लिहून घेतलं होतं. म्हणून घरी तिने विम्याच्या ऑफिसात असल्याचं सांगून ठेवलं होतं. विमा म्हटलं की पुढे कोणी काही विचारत नाही.

आता नशिबाची गंमत बघा. तिचा नवरा दिवसा शाळेत भूगोल शिकवायचा आणि संध्याकाळी 'स्पष्टवक्ता' या नावाने जगाला शहाणपण. माणूस मनाचा सरळ, पण लिहायला बसला की तोंडाला लगाम नाही. त्याच्या पोस्टी वरचेवर उडायच्या, आणि मग जेवताना दुसरा विषय नसायचा.

"कोण आहेत हे दीडशहाणे? आम्ही काय बोलायचं ते हे ठरवणार?"

ती त्याच्या ताटात भाजी वाढायची. ऑफिसात मराठी पोस्टी तपासायला ती आणि एक दाढीवाला अशी दोनच माणसं होती, त्यामुळे निम्म्या पोस्टी तिनेच उडवलेल्या असायच्या. 'डोळे उघडा, मंडळी' एवढं वाचलं की नाव दिसायची गरजच नसायची.

शेवटी त्या रोजच्या कटकटीला कंटाळून तिने त्याची शिकवणी घेतली. "'चोर आहे' असं लिहू नकोस, 'असं कानावर आलंय' लिही. 'झोडपून काढा' नको, 'आपण विचार करायला हवा' लिही. आणि शेवटी एक प्रश्नचिन्ह टाक."

"तुला बरं कळतं गं हे सगळं."

"विम्यात हेच तर चालतं."

नवरा हुशार विद्यार्थी निघाला. त्याच्या पोस्टी उडेनाशा झाल्या, घरात शांतता नांदू लागली, आणि कात्रीबाईंना दोन घास सुखाने जेवता येऊ लागले.

मग एका सकाळी पडद्यावर एक फोटो आला. खोकंभर औषधाच्या बाटल्या, सगळ्यांवरच्या तारखा उलटून गेलेल्या. मागे दुकानाची पाटी स्पष्ट. खाली मजकूर: 'डोळे उघडा, मंडळी. कोपऱ्यावरच्या दुकानाच्या दारात हे खोकं दिसलं. या बाटल्या आपल्या मुलांना तर दिल्या जात नाहीत ना? बरंच काही कानावर आलंय. आपण विचार करायला हवा.'

ते दुकान औषधवाल्या काकांचं. लेक तान्ही असल्यापासून तिची सगळी औषधं तिथलीच. ते खोकंही तिला चांगलं माहीत होतं. मुदत संपलेला माल विकला जाऊ नये म्हणून काका तो वेगळा काढून कंपनीला परत पाठवायचे. खोक्याच्या दर्शनी बाजूवर ठसठशीत अक्षरांत 'परत' लिहिलेलं होतं. नवऱ्याने फोटो मागच्या बाजूने काढला होता. काकांना एका शब्दाने विचारलं असतं तर याचं काय बिघडलं असतं?

तिने नियम वरून खाली वाचले, मग खालून वर वाचले. शिवी नाही, धमकी नाही, धड आरोपसुद्धा नाही. नुसता प्रश्न. बोट ठेवायला एक शब्द सापडेना. सापडणार तरी कसा, शिकवणी तिचीच होती ना.

तिने डोळे मिटून 'हिंसा' या कारणाखाली पोस्ट उडवली. आयुष्यात पहिल्यांदाच ती नियमाबाहेर गेली.

नवऱ्याने लगेच तक्रार केली. तक्रार दाढीवाल्याकडे गेली. तो नियमाला पक्का. "यात हिंसा कुठे दिसली तुला? लोकांनी साधा प्रश्नही विचारायचा नाही का?" पोस्ट परत लागली, आणि सोबत कंपनीचं पत्रही: 'आमच्याकडून चूक झाली. आम्ही दिलगीर आहोत.' नवऱ्याने ते पत्रही लोकांपुढे ठेवलं. लोकांनी त्याचा अर्थ सरळ लावला. खुद्द कंपनीच माफी मागतेय म्हणजे बातमी खरी.

संध्याकाळी ती दुकानापाशी गेली तेव्हा पाटीला कोणीतरी काळं फासलं होतं. आत काका एकटेच काउंटरची काच पुसत होते. काच आधीच स्वच्छ होती.

"एवढ्या वर्षांत कुणाला चुकीची गोळी दिली नाही गं," ते म्हणाले. "एकाने तरी आत येऊन विचारायचं."

तिला मान वर करवेना. घरी येऊन तिने पर्ससुद्धा खाली ठेवली नाही. "मी विम्यात नाही," म्हणाली आणि सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे माझ्या पोस्टी तू..."

"हो, मीच. आणि जी उडायला हवी होती, नेमकी तीच राहिली."

मग तिने खोक्याचं सांगितलं. नवऱ्याचा चेहरा उतरला. त्याने पोस्ट काढून टाकली, पण तोवर ती कितीतरी लोकांनी आपापल्या नावावर चढवली होती. तेव्हा तो बसला आणि एका दमात लिहून मोकळा झाला: 'डोळे माझेच बंद होते, मंडळी. त्या बाटल्या कंपनीला परत जाणाऱ्या होत्या. मी गाढव आहे. न विचारता एका सज्जन माणसाचं दुकान बुडवलं. मला भर चौकात जोड्याने मारा.'

चहा निवायच्या आत ती पोस्ट उडाली. कारण: अपशब्द, मारहाणीला चिथावणी. काम दाढीवाल्याचं होतं, पण तिनेही हेच केलं असतं.

मग दोघांनी मिळून ती नियमात बसवली. 'असं कानावर आलंय की त्या बाटल्या परत जाणाऱ्या होत्या. माझी समजूत चुकली असावी का?' ही मात्र राहिली. तिच्याखाली पहिल्याच माणसाने लिहिलं, 'दबाव आला वाटतं?' आणि बाकीच्यांनी त्याला माना डोलावल्या.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याने शाळेतला मोठा कागद घेतला आणि त्यावर पहिला मजकूर जसाच्या तसा लिहिला, गाढवासकट आणि जोड्यासकट. खाली स्वतःचं खरं नाव घातलं. दोघं दुकानात गेली. त्याने काउंटरच्या काचेवर तो कागद धरला. ती चिकटपट्टी घेऊन बाजूला उभी होती.

काकांनी चष्मा लावून मजकूर नीट वाचला.

"शब्द जरा जड आहेत, पण असू द्या," ते म्हणाले. "फक्त इथे नका लावू, बाहेर लावा. आत आता कोणी येत नाही."