भाव सांगा

महिपतीच्या येरवड्यातल्या शेडमध्ये एकोणीस वर्षं एकच माल निघत होता, स्कूटरच्या स्टँडची स्प्रिंग. गिऱ्हाईकही एकच, एक बडी कंपनी. दरवर्षी तिच्याकडून भावाचं पत्र यायचं आणि महिपती मुकाट सही करायचा. न करून सांगतो कोणाला?

पंचाण्णव साली मात्र भाव असा कापून आला की सहा कामगारांचा पगारही निघेना. महिपतीने सही केली नाही. झालं, टेम्पो यायचा बंद झाला. पंधरा दिवस मशिनं थंड. शनिवारी सहाही जणांना घरी बसा म्हणून सांगायचं, असं त्याने जड मनाने ठरवलं.

शुक्रवारी नीरजा नावाची तरुण अधिकारी आली. नगर रस्त्यावर वॉशिंग मशिनचा नवा कारखाना उघडला होता, त्यांना दाराच्या स्प्रिंगा हव्या होत्या. महिपतीने तिथल्या तिथे वळून दाखवलेला नमुना तिला पसंत पडला.

"भाव काय आपला?"

महिपती गोंधळला. "तुम्ही द्याल तो."

"अहो, विकणारे आपण. भाव मी सांगू?"

चहाचं निमित्त काढून तो आत सटकला. सुशीलाबाई पडून राहिलेल्या स्प्रिंगा डब्यांत भरत होत्या. नवऱ्याची अडचण ऐकून त्या म्हणाल्या, "कोथिंबीरवाली भाव सांगते. तुम्हाला काय मुहूर्त काढून देऊ?"

महिपती बाहेर आला आणि एका दमात म्हणाला, "दोन रुपये दहा पैसे."

"जास्त होतात. एक नव्वद करा."

महिपतीला हसूच फुटलं. एकोणीस वर्षांत कुणी त्याच्याशी घासाघीस केली नव्हती! "दोनच्या खाली नाही," तो म्हणाला, आणि आपलाच आवाज ऐकून त्याला बरं वाटलं. दोनवर ठरलं. नीरजाने तिथेच ऑर्डर लिहून दिली.

तो शेडमध्ये गेला. "सोमवारी आठला या सगळे. दांड्या मारू नका." कामगारांचे चेहरे खुलले, आणि महिपतीच्या छातीवरचं ओझं उतरलं.

संध्याकाळी बड्या कंपनीच्या खरेदी विभागाच्या साहेबांचा फोन आला. "महिपतराव, दुसरीकडच्या स्प्रिंगा आठवड्यात ढिल्या पडल्या. आमचं काम अडलंय. सही करून टाका ना त्या पत्रावर."

"त्या पत्रावर नाही," महिपती शांतपणे म्हणाला. "माझा भाव सांगतो."

मग साहेब म्हणाले, "थांबा, पेन घेतो."