बोरी अरबची भरती

नीळकंठरावांच्या घरी बारा कालवं राहायला आली, तेव्हा सुहासिनीबाईंनी आधी अट घातली, की ही मंडळी स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडणार नाहीत. कालवं म्हणजे समुद्राकाठी खडकाला चिकटून बसणारे शिंपले. ते बिचारे कसला उंबरा ओलांडतात! पण घर पक्कं शाकाहारी आणि बाईंचा स्वभाव आधी अट घालून मग विचार करायचा. शेवटी न्हाणीमागच्या टाकीत, मीठ विरघळवलेल्या पाण्यात त्यांची सोय झाली.

पाठवली होती लेकीनं. आभा रत्नागिरीकडच्या एका संशोधन संस्थेत कालवांच्या शेतीचा अभ्यास करत होती. भरतीचं पाणी चढलं की कालवं उघडतात, उतरलं की मिटतात, म्हणजे पाणीच त्यांना वेळ सांगतं, असं तिनं तीन वर्षं राबून सिद्ध करत आणलं होतं. एकच पुरावा उरला होता. जिथे भरतीच नाही, तिथे कालवांनी वेळ विसरायला हवी. भरती नसलेलं गाव म्हटल्यावर तिला विदर्भातलं बोरी अरब, आपलं घर आठवलं.

"बाबा, दर अर्ध्या तासानं पाह्यचं अन् लिहायचं. बाकी काही नाही," ती फोनवर म्हणाली.

चौतीस वर्षं तहसील कचेरीत कारकुनी केलेल्या माणसाला याहून मोठं सुख काय असणार? नीळकंठरावांनी रजिस्टर आखलं, टाकीशेजारी खुर्ची टाकली आणि निवृत्तीनंतर पहिल्यांदा दाढी रोज करायला लागले.

आठ दिवस कालवांनी गोंधळ घातला. कोणी सकाळी उघडलं, कोणी दुपारी. नवव्या दिवशी मात्र बाराच्या बारा एकदम उघडली आणि अडीच तासांनी एकदम मिटली. दुसऱ्या दिवशी तेच, फक्त पन्नास मिनिटं उशिरा. तिसऱ्या दिवशी आणखी पन्नास. वेळ रत्नागिरीशी जुळेना. नीळकंठरावांनी पंचांग काढलं, कागदावर कागद खरडले, आणि त्यांना घामच फुटला. चंद्र बोरी अरबच्या डोक्यावर आला, की कालवं उघडत होती. इथे समुद्र असता तर भरती ज्या वेळी आली असती, ती वेळ त्यांनी धरली होती.

कालवं उघडी असताना आदळआपट नको म्हणून त्यांनी फाटकावर फळा टांगला. 'आजची भरती : दुपारी १२.१० ते २.४०.' अक्षर तेच, ज्या अक्षरातल्या नोटिसा गावानं चौतीस वर्षं निमूट पाळल्या होत्या.

पहिल्यांदा तानाबाईनं समोरच्या चौकात वाळत घातलेली तूर उचलली. तिची वीस एकर शेती, बाई कोणाचं ऐकणारी नव्हे.

"तूर काहून उचलून राह्यली?" सुहासिनीबाईंनी विचारलं.

"भरती येते ना व माय. भिजली मंग?"

"अगं, पाणी कुठाय?"

"ते मले काय मालूम? साहेबानं लेहून ठेवलं हाये."

महिन्याभरात भरतीच्या वेळी चौक ओस पडायला लागला. लोक दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर बसून ओहोटीची वाट बघत. सरपंच घनश्याम यांनी नावेसाठी अर्ज केला. दारव्ह्याची एसटी चौकाच्या पलीकडेच थांबायला लागली. ड्रायव्हर म्हणाला, इंजिनात पाणी गेलं तर जबाबदार कोण?

नीळकंठरावांना हे सगळं चुकीचं वाटत होतं, पण फळ्यावरची नोंद खरी होती. आणि खरी नोंद पुसायची कशी?

त्यांनी रजिस्टरच्या पानांचे फोटो आभाला पाठवले. बऱ्याच वेळानं फोन आला.

"बाबा, खरं सांगा. अंदाजानं तर नाही ना भरून राह्यले?"

त्यांनी फोन ठेवून दिला. तहसीलदारांनी कधी विचारला नाही तो प्रश्न पोटच्या पोरीनं विचारला होता. त्या दिवशी ते जेवले नाहीत. राग तिच्यावर नव्हताच. नोंदी खऱ्या असतील तर तिची तीन वर्षं पाण्यात जातात, हे त्यांना पुरतं कळत होतं. एक ओळ इकडची तिकडे केली असती तर पोरगी वाचली असती. पण त्यांच्या हातून ते होईना.

तीन दिवसांनी आभा न सांगता आली. एसटी पलीकडे थांबली. दुपारचे दोन वाजले होते, कडक ऊन होतं, आणि भरती पावणेचारपर्यंत होती.

"अवं पोरी, थांब तिथीच!" तानाबाई ओट्यावरून ओरडली. "पानी चढलं हाये!"

आभानं चौकाकडे पाहिलं. धूळ, एक झोपलेलं कुत्रं आणि दोन्ही काठांवर बसलेलं गाव. मग तिनं फाटकापाशी उभ्या असलेल्या बापाकडे पाहिलं.

"बाबा," ती ओरडली, "नक्की ना?"

"नक्की," ते म्हणाले. पलीकडे ऐकू गेलं नसेल, म्हणून पुन्हा मोठ्यानं म्हणाले, "नक्की, बेटा."

मग तिनं बॅग खाली ठेवली, तिच्यावर बसली आणि तोंड ओढणीत लपवलं. तिनं बापाची नोंद मानली होती. तिचे खांदे हलत होते, ते या काठावरून स्पष्ट दिसत होतं.

नीळकंठरावांनी घड्याळ पाहिलं. पावणेचारला दीड तासाहून जास्त अवकाश होता. त्यांनी चपला काढून हातात घेतल्या.

"साहेब, बुडान ना!" घनश्याम किंचाळले. "दोर आना रे कोनी!"

नीळकंठरावांना पोहता येत नव्हतं. ते तसेच उतरले.