बारा नंबरची जर्सी

मार्लो फॉल्स गावच्या बेसबॉल मैदानावर ऑर्व्हिल टेश चाळीस उन्हाळे खेळाडूंची नावं पुकारत आला होता. लाकडी बाकांच्या वर पत्र्याची खोली होती, तिथे तो माइकपुढे बसायचा. शेजारी त्याची लेक जनेल धावफलक सांभाळायची. यंदा ती बापावरही नजर ठेवून होती. घरी तो शेगडीवर कॉफी ठेवून विसरे, शेजाऱ्यांची नावं त्याच्या ओठांवर अडकत. मैदानावर मात्र यादी वाचून सगळं सुरळीत चाले, म्हणून तिनं कुणापाशी वाच्यता केली नव्हती.

एका रविवारी दुपारी, यादी समोर असूनही त्याची नजर खाली बारा नंबरच्या जर्सीवर गेली आणि तो खणखणीत आवाजात म्हणाला, "आता खेळायला येतोय, डेल हॉस्टेटलर."

डेल ती जर्सी घालायचा त्याला तीस वर्षं झाली होती. बॅट घेऊन निघाला होता तो विल्किन पेराल्टा. बाकांवर कुणीतरी फिसकन हसलं. विल्किन थबकला, वर खोलीकडे बघून त्यानं हेल्मेट उचललं, अदबीनं मान लववली आणि जागेवर जाऊन उभा राहिला. मग म्हाताऱ्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या, डेलसाठी की विल्किनसाठी कोण जाणे. तिसऱ्याच चेंडूवर विल्किन बाद झाला.

सामना संपल्यावर जनेल त्याची माफी मागायला जाळीपाशी गेली. बाबांचं हल्ली असं होतं, ती म्हणाली. हे ती पहिल्यांदाच तोंडानं बोलत होती.

विल्किन बुटांची माती झाडत होता. "गावी माझी आजी मला मामाच्या नावानं हाक मारते, ताई. मामा जाऊन कैक वर्षं झाली. मी आपला ओ देतो."

दुसऱ्या दिवसापासून जनेल एकेक नाव बापाच्या कानात सांगू लागली आणि तो पुकारू लागला. ऑगस्टपर्यंत असं निभावलं. मग एके दिवशी खेळाडू मैदानात उतरत असताना त्यानं माइक हळूच तिच्याकडे सरकवला.

"तूच सांग आता. येतात ना तुला सगळी?"

"येतात, बाबा."

पहिली दोन नावं तिनं भराभर उरकली. बाप डोळे मिटून ऐकत होता. तिसऱ्या नावाला त्यानं तिचा हात थोपटला आणि म्हणाला, जरा सावकाश घे, लोकांना टाळी वाजवायला वेळ लागतो.